नाव कुणाचं, हप्ता कुणाचा

१९४६ साली जुन्या म्हैसूर संस्थानात दोन खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली. बंगळूरला बीएमएस आणि म्हैसूरला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे एनआयई. १९६३ साली पुन्हा तसंच घडलं. बंगळूरला आरव्ही, म्हैसूरला श्री जयचामराजेंद्र कॉलेज, म्हणजे एसजेसीई. वयं जोडीजोडीनं सारखी. १९९८ साली बेळगावला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ निघालं आणि चारही कॉलेजं एकाच छत्राखाली आली. एसजेसीई २०१६पासून जेएसएसच्या स्वतःच्या विद्यापीठात गेलं, ती पुढची गोष्ट.

आज कट-ऑफचा तक्ता उघडा. बंगळूरची दोन वर, म्हैसूरची दोन खाली. वय तेच, अभ्यासक्रम अनेक वर्षं तोच, परीक्षा त्याच. फरक गावाचा आहे. कंपन्या बंगळूरला आहेत, तिथं इंटर्नशिप चालत जाऊन मिळते, मुलाखत घेणारा माणूस रहदारीतून का होईना पण त्याच दिवशी परत घरी जातो. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तो पत्त्याचा फायदा आहे. आपण त्याला शिक्षणाचा दर्जा समजतो आणि त्या समजुतीचे पैसे चार वर्षं भरत राहतो. मार्च २०२३मध्ये बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्ग खुला झाला, अंतर दोन तासांच्या आसपास आलं. कट-ऑफला त्याची खबर अजून लागलेली नाही.

म्हैसुरात मराठी घरं बरीच आहेत. कुणी बँकेच्या बदलीवर आलेलं, कुणी रेल्वेत, कुणी सीएफटीआरआयमध्ये, कुणी नोटांच्या छापखान्यात, कुणी इन्फोसिसमध्ये. बारावीचा निकाल लागला की या घरांतून तोच वाद सुरू होतो. एनआयई की एसजेसीई? म्हैसूर की बंगळूर? की सरळ पुणं? कागदावर तीन रकाने आखले जातात: खर्च, नाव, ब्रँच. तिन्हींवर चर्चा मात्र सारखी होत नाही. नावाबद्दल आत्या, मामा, शेजारी, क्लासवाले सगळे बोलतात. ब्रँचबद्दल मुलगा बोलतो. आणि खर्चाचा विषय निघाला की वडील म्हणतात, ‘पैशाचं बघू. तू काळजी करू नकोस.’

या वाक्याविरुद्ध मला आज लिहायचं आहे.

ते मायेनं म्हटलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. आपल्याला जे मिळालं नाही ते पोराला मिळावं, एवढाच त्यामागचा हेतू. पण त्या वाक्यानं सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून निर्णयातली एकमेव पक्की गोष्ट काढून घेतली जाते. कॉलेजचं नाव चार वर्षांनी किती चालेल, सांगता येत नाही. आज धावणारी ब्रँच तेव्हा धावत असेल की बसलेली असेल, सांगता येत नाही. प्रवेशाच्या दिवशी निश्चित असतो तो फक्त खर्च, आणि तोच मुलापासून लपवायचा? मग तो निवडणार कशाच्या आधारावर?

म्हैसूरच्याच एका घरात हे वाक्य म्हटलं गेलं नव्हतं. १९६०च्या दशकाची सुरुवात. वडील शाळामास्तर, घरात आठ मुलं. त्यातला एक आयआयटीची प्रवेश परीक्षा पास झाला. वडिलांनी सरळ सांगितलं की खर्च झेपणार नाही. मुलगा गावातल्या एनआयईत गेला, १९६७ साली इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन बाहेर पडला आणि १९६९ साली आयआयटी कानपूरमधून एमटेक झाला. कानपूरला १९६३पासून आयबीएमचा संगणक होता. देशात फार थोड्या ठिकाणी विद्यार्थ्याला संगणकाला हात लावता येत असे, त्यातली ती एक जागा. पुढं हा मुलगा पुण्यात आला आणि १९८१ साली त्यानं सहकाऱ्यांसह एक कंपनी काढली. बायकोनं बाजूला ठेवलेले १०,००० रुपये भांडवल. कंपनी इन्फोसिस, मुलगा नारायण मूर्ती.

म्हैसूरच्या प्रत्येक प्रवेशाच्या चर्चेत ही गोष्ट कुणीतरी काढतंच. ‘मूर्ती एनआयईचेच ना? मग कॉलेजनं काय फरक पडतो?’ हा युक्तिवाद फसवा आहे. मूर्तींच्या वर्गात बसलेली बाकीची मुलंही एनआयईचीच होती. एका माणसाच्या यशावरून कॉलेजची किंमत ठरत नाही, ना चढती, ना उतरती. या गोष्टीतून घ्यायचा तो क्रम. पहिली पदवी घराला झेपेल अशा, पण चांगल्या कॉलेजात. मोठं नाव दुसऱ्या पदवीला. त्यांच्या पत्नी सुधा मूर्तींचाही क्रम हाच होता. हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजात इंजिनिअरिंग, मग १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पदव्युत्तर पदवी, मग पुण्याला टेल्कोत नोकरी.

आजही हा क्रम मोडीत निघालेला नाही. उलट आज तो सरकारी नियमात बसतो. गेट परीक्षेत पात्र ठरून एमटेकला प्रवेश घेतला की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. म्हणजे ज्या नावासाठी बारावीनंतर आपण कर्ज काढतो, ते नाव चार वर्षांनी घेताना सरकार थोडेफार पैसे आपल्यालाच देतं. त्यासाठी गेटचा अभ्यास करावा लागतो. तो काही सोपा नाही. पण तो मुलाच्या हातात आहे. व्याजाचा दर कुणाच्याच हातात नसतो.

मूर्तींची गोष्ट इथं सोडली तर एक अन्याय झाकला जाईल, म्हणून थोडं मागं जातो. १८८१ साली बंगळूरहून बीए झालेला एक तरुण होता. वडील लहानपणीच गेलेले, शिकवण्या घेऊन शिकलेला. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं आणि त्यासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, जायचं होतं. पैसे नव्हते. म्हैसूर सरकारनं मदत केली. १८८३ साली तो मुंबई इलाख्याच्या परीक्षेत पहिला आला आणि नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाला. खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे दरवाजे त्यानंच बसवले. १९०९ साली तो म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून परतला, १९१२ साली दिवाण झाला. कृष्णराजसागराचं काम त्याच्या देखरेखीखाली सुरू झालं आणि १९१७ साली त्यानं बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर सरकारनं पुण्याच्या कॉलेजात घातलेल्या त्या थोड्या पैशांची परतफेड म्हैसूर आणि मंड्याची शेतं अजून पाण्याच्या रूपात घेत आहेत.

विश्वेश्वरय्यांना ती मदत मिळाली त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी त्याच म्हैसुरातला, परीक्षा पास झालेला एका मास्तरांचा मुलगा पैशाअभावी आयआयटीच्या दारातून परतला. तो पुढं मोठा झाला हे त्याचं कर्तृत्व. त्यामुळं त्या परत येण्याचं समर्थन होत नाही. त्याच्यासारखी परत आलेली आणि मोठी न झालेली मुलं किती, याची नोंद कुठंच नाही. गुणवत्तेनं मिळालेली जागा पैशानं हातची जाऊ नये, हे काम सरकारचं आहे. ते होत नाही तोवर घरानं निदान आपलं गणित उघड्यावर मांडावं.

आता गणित.

म्हैसूरच्या या दोन्ही कॉलेजांत एकाच छपराखाली वेगवेगळ्या दरांची मुलं शिकतात. कर्नाटकच्या सीईटीतून अनुदानित ब्रँचला गेलेला मुलगा जवळपास सरकारी कॉलेजच्या दरानं शिकतो. त्याच सीईटीतून विनाअनुदानित ब्रँचला गेलेला वर्षाला ढोबळमानानं लाखभर भरतो. कॉमेड-के या खासगी कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेतून आलेला त्याच्या दुपटीहून जास्त. मॅनेजमेंट कोट्यातला त्याच्याही वर. आणि एसएनक्यू नावाच्या जादा जागांवर, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, शिकवणी शुल्क माफ. या जागा मंजूर संख्येच्या ५ टक्के असतात. शिक्षक सामाईक, ग्रंथालय सामाईक, पदवीच्या कागदावरचं विद्यापीठाचं नाव त्या कॉलेजातल्या सगळ्यांचं एकच. अनुदान मुख्यतः सिव्हिल, मेकॅनिकलसारख्या जुन्या ब्रँचना मिळालेलं आहे आणि गर्दी कॉम्प्युटरकडे. त्यामुळं जिथं मुलं धावतात तिथं फी जास्त, जिथं सरकारचा पैसा आहे तिथून मुलं पाठ फिरवतात.

म्हणून ‘एनआयई की एसजेसीई’ हा प्रश्न अपुरा आहे. आपण कॉलेज निवडत नसतो, सीट निवडत असतो. एसजेसीईची अनुदानित सीट आणि एसजेसीईची मॅनेजमेंट सीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्यातलं अंतर एनआयई आणि एसजेसीई यांच्यातल्या अंतरापेक्षा किती तरी मोठं आहे. पहिल्याची चर्चा पाच मिनिटं होते, दुसऱ्याची पाच आठवडे.

मराठी घरांना आणखी एक अडचण असते, ती रहिवासाची. कर्नाटकच्या सरकारी कोट्यात बसायला मुलानं राज्यात किमान सात वर्षं शिकलेलं असावं लागतं. चार वर्षांपूर्वी बदलीनं आलेल्या घराला ते दार सहसा बंद. मग कुणीतरी सांगतं की आता कॉमेड-के किंवा मॅनेजमेंट, दुसरा मार्ग नाही. मार्ग आहे. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत ‘टाइप बी’ नावाचा प्रकार आहे. मुलगा दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर शिकला असला, तरी आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर तो राज्याचाच उमेदवार धरला जातो. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी ‘टाइप ई’ आहे. त्यासाठी महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते आणि डोमिसाइलचा दाखला वेळेत काढावा लागतो. निकालानंतर तहसीलदाराच्या कचेरीत हेलपाटे घालण्यापेक्षा अकरावीत असतानाच तो कागद हातात हवा. एका दाखल्याअभावी लाखांचा फरक पडतो आणि तो भरतो बाप, हप्त्यानं.

डोनेशनबद्दलही बोललं पाहिजे, कारण या दोन राज्यांचं ते जुनं नातं आहे. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातली पैसेवाली मुलं कर्नाटकात डोनेशन भरून इंजिनिअर, डॉक्टर व्हायला जात. पैसा राज्याबाहेर जातो, या कारणानंही १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांना दारं उघडली. कर्नाटकानं १९८४ साली आणि महाराष्ट्रानं १९८७ साली डोनेशनबंदीचे कायदे केले. १९९२ साली मोहिनी जैन या मुलीनं कर्नाटकाविरुद्ध लढवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तुमकूरच्या मेडिकल कॉलेजात सरकारी सीटला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर मुलांना २५,००० आणि परराज्यातल्यांना ६०,००० असा दर सरकारनंच ठरवला होता. न्यायालयानं त्या चढ्या दराला कॅपिटेशन फी म्हटलं आणि ती बेकायदा ठरवली. नंतर २००२चा मणिपालच्या पै संस्थेचा निकाल आला, २००५चा इनामदार निकाल आला. नफेखोरी आणि डोनेशनला मनाई, वाजवी शिल्लक मात्र ठेवता येईल, असा तोल न्यायालयानं साधला. चाळीस वर्षांचे कायदे आणि निकाल जमा आहेत. आणि तरीही जुलै महिन्यात लोक एकमेकांना दबक्या आवाजात विचारतात, ‘तिथं किती चालू आहे?’ ज्यांनी पावती मिळणार नाही असे पैसे दिले, त्यांनी पोराला पहिल्याच दिवशी एक धडा दिला. तो चार वर्षांत कुठलाच प्राध्यापक पुसू शकणार नाही.

डोनेशन नाही, कर्जच काढायचं, असं धरू. चार वर्षांत १० लाख, दर वर्षी अडीच लाखांची उचल, व्याज १० टक्के. शिक्षण चालू असतानाचं व्याज सरळव्याजानं मोजलं तरी चौथं वर्ष संपेपर्यंत अडीच लाख चढतात. बोजा साडेबारा लाखांचा. सात वर्षांत फेडायचा तर महिन्याचा हप्ता येतो साधारण २०,७५० रुपये. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या घाऊक भरतीत नवख्या इंजिनिअरचा पगार कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेला आहे, म्हणजे महिन्याला तीस हजारांच्या आत. हप्ता गेल्यावर हातात उरलेल्या आठ-नऊ हजारांत पुण्यात किंवा बंगळुरात खोलीचं भाडं तरी निघतं का? हा हिशेब करायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. दहावीच्या गणितात तो येतो. मुलाला कागद-पेन्सिल देऊन तोच करायला लावा.

लोक म्हणतात, मोठ्या नावाच्या कॉलेजात पॅकेज मोठं मिळतं. मिळतं, काहींना. कॉलेजच्या फलकावर सर्वाधिक पॅकेजचा आकडा असतो आणि तो एका मुलाचा असतो. तुमचा मुलगा तो एक असेल असं धरून कर्ज काढू नका. विचारायचा आकडा दुसराच आहे: मधला पगार. शंभर मुलं पगाराच्या क्रमानं उभी केली तर मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजांना हा आकडा आणि नोकरी मिळालेल्या मुलांची संख्या द्यावीच लागते. क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांच्या संकेतस्थळावर तो तक्ता असतो, बहुतेक वेळा कोपऱ्यात. क्रमवारी २०१६पासून निघते. तिच्या निकषांत ‘लोकांचं मत काय’ यालाही १० टक्के वजन आहे, तेव्हा क्रमांक वाचताना तेवढे गुण ऐकीव समजा आणि मधला पगार शोधा. शिवाय एनबीएची मान्यता कॉलेजला नसते, एकेका ब्रँचला असते. ‘कॉलेज ॲक्रेडिटेड आहे’ असं कुणी म्हणालं की विचारा, माझी ब्रँच आहे का आणि कुठल्या वर्षापर्यंत?

आता ब्रँच. इथं मी मुलांच्या बाजूनं बोलणार आहे, पण त्यांना आवडणार नाही असं.

कॉम्प्युटरच हवं, हा हट्ट समजू शकतो. नोकऱ्या तिथं दिसतात. पण २०२४-२५पासून एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेनं चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी एका ब्रँचच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. मागणी कॉम्प्युटरला, म्हणून तुकड्याही तिथंच वाढल्या. तुकडी एका वर्षात वाढवता येते, चांगला शिक्षक एका वर्षात तयार होत नाही. ज्या ब्रँचसाठी आपण दुप्पट फी मोजतो आहोत, तिथं आज तुकड्या किती आणि कायम नोकरीतले शिक्षक किती, हे कॉलेजात जाऊन विचारलं पाहिजे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर.

म्हैसुरात राहून म्हैसूर न पाहणं हीसुद्धा आपली एक खोड आहे. इथं टायरचा मोठा कारखाना आहे, पूर्वीचा विक्रांत, १९९७नंतर जेके. एसजेसीईत पॉलिमर सायन्सचा वेगळा विभाग उभा राहिला, असा विभाग देशात मोजक्याच कॉलेजांत आहे. नंजनगूडला सर्किट बोर्डं बनवणारी ऑस्ट्रियन कंपनी एटीअँडएस आहे. इलेक्ट्रॉनिक जुळणी करणाऱ्या केन्सचं मुख्य ठाणं म्हैसूरच. बीईएमएल आहे. शहराबाहेर अर्ध्या तासावर कारखाने आणि शहरात त्यांच्याच कामाच्या, कमी फीच्या ब्रँचा. एक दिवस काढून मुलाला घेऊन या वसाहतींतून फिरून या. गेटवरच्या माणसाला विचारा, इथं कुठल्या ब्रँचची पोरं घेतात. त्यानंतरही मुलगा कॉम्प्युटरच म्हणाला तर ते त्याचं म्हणणं असेल, क्लासच्या व्हॉट्सॲप गटाचं नसेल.

कॉम्प्युटरची पदवी हातात आली म्हणजे निभावलं, या समजुतीला म्हैसूरनंच धक्का दिला. इन्फोसिसचं प्रशिक्षण केंद्र इथं २००५ साली सुरू झालं, २००९ साली ते आणखी वाढलं, एका वेळी चौदा हजारांच्या आसपास मुलं तिथं शिकू शकतात. देशभरातल्या कॉलेजांची मुलं तिथं एका बाकावर येतात आणि प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा पुन्हा गिरवतात. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यातल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत चाचणी तीन प्रयत्नांत पास न झाल्यामुळं कंपनीनं काढलं. त्यांच्यातले बरेच जण २०२२च्या तुकडीचे होते, नोकरीचं पत्र हातात घेऊन रुजू होण्याची दोन वर्षं वाट पाहिलेले. करारात तसं लिहिलं होतं, असं कंपनी म्हणाली. पुण्याच्या नाइट्स या कर्मचारी संघटनेनं काढलेल्यांची संख्या त्याहून बरीच मोठी असल्याचं सांगत केंद्रीय श्रम मंत्रालयाकडं तक्रार केली.

त्या दिवशी बॅगा घेऊन बाहेर पडलेल्या मुलांत मला दोन मुलं दिसतात. एकाचं शिक्षण अनुदानित सीटवर झालेलं. त्यालाही धक्का बसला, पण तो घरी जाऊन सहा महिने अभ्यास करू शकतो, गेट देऊ शकतो, लहान कंपनीत कमी पगारावर उभा राहू शकतो. दुसऱ्याच्या नावावर दहा लाख. त्याला पुढच्या महिन्याची तारीख दिसते. मिळेल ती नोकरी, मिळेल त्या पगारावर. चाचणीत दोघांचे गुण सारखे असतील, कॉलेजही कदाचित एकच असेल. एकाला चुकायची मुभा आहे, दुसऱ्याला नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी चुकायची मुभा ही घरानं मुलाला देण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं. ‘पैशाचं बघू’ म्हणणारा बाप नेमकी तीच गहाण ठेवतो.

ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी खुशाल बंगळूरला पाठवावं, आरव्हीला पाठवावं, मिळाली तर आयआयटीला पाठवावंच. आयआयटी, एनआयटी आणि सरकारी सीटबद्दल माझा काहीच वाद नाही. तिथल्या नावाला परीक्षेचा आधार आहे आणि उत्पन्न कमी असेल तर फीमाफीचाही. वाद आहे तो मधल्या नावांबद्दल. बावीस नंबरचं कॉलेज आणि पस्तीस नंबरचं कॉलेज यांच्यातल्या फरकासाठी आईचे दागिने आणि वडिलांचा पीएफ जातो, त्याबद्दल. तो फरक कॉलेजच्या बाहेर पडल्यावर दोन वर्षांत कुणी विचारत नाही. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत विचारतात ते पहिल्या नोकरीत काय केलंस.

तेव्हा कर्नाटकच्या सीईटीचे ऑप्शन भरताना किंवा महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅप राउंडला, यादी लावताना मुलासमोर घराचं उत्पन्न ठेवा. बहिणीच्या शिक्षणाला किती लागणार, आजोबांच्या औषधाला किती, बाकी किती. चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, येणं-जाणं. एवढं पाहून मुलानं स्वतः महागडी सीट यादीत खाली ढकलली तर त्याचं मन मोडलं असं समजू नका. तो हिशेबात भागीदार झाला. आणि सगळं पाहूनही तो म्हणाला की मला हेच हवंय, हप्ता मी भरीन, तर त्याच्या पाठीशी उभे राहा. कारण आता त्याला हप्ता किती आहे ते ठाऊक आहे.

हा हिशेब एका ठिकाणी मात्र फार लवकर होतो. मुलगी असली की. तेव्हा खर्चाचा रकाना एकदम पहिला येतो. ‘जवळच बरं. घरून डबा जाईल. हॉस्टेलचा खर्च कशाला?’ ज्या घरानं थोरल्याला बंगळुरात मॅनेजमेंट सीट घेऊन दिली, तेच घर धाकटीला चांगला क्रमांक असताना म्हैसुरातच ठेवतं, आणि तेही तिला न विचारता. महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास पूर्ण शिकवणी शुल्क माफ केलं आहे. आई-वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास असेल आणि मुलगी त्या अटींत बसत असेल, तर म्हैसूरच्या मराठी मुलीलाही कॅपच्या रांगेत उभं राहता येतं. पुण्याच्या सीओईपीत नंबर लागला तर उरतो राहण्या-जेवण्याचा खर्च. भावाच्या एका वर्षाच्या फीत तिची चार वर्षांची मेस निघेल. तिचा दाखला काढा, तिला सीईटी देऊ द्या आणि नंबर लागला तर पुण्याच्या गाडीत बसवून द्या.